दोन वर्तुळे एकमेकांत शिरतात का? हवाई अंतराच्या प्रश्नाला निर्देशक भूमितीची कसोटी

सोलापूर हा राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेला जिल्हा म्हणून ओळखला जातो, आणि त्यामुळे ‘हवाई अंतर’ हा विषय येथील ऊस उत्पादकांच्या, संचालक मंडळांच्या आणि वृत्तपत्रांच्या चर्चेत वारंवार येतो. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ यामध्ये नोव्हेंबर २००६ मध्ये झालेल्या दुरुस्तीने, अस्तित्वात असलेल्या कारखान्यापासून १५ किलोमीटरच्या परिघात नवा कारखाना उभारता येणार नाही असे ठरवले. राज्यांना केंद्र सरकारच्या पूर्वसंमतीने हे अंतर वाढवण्याची मुभा ठेवली आणि महाराष्ट्राने ते २५ किलोमीटर केले. जिल्ह्यात पाण्याचा प्रश्नही अशाच अंतरांच्या भाषेत मांडला जातो, कारण सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर खोदण्यावर कायद्याने बंधन आले ते १९९३ पासून.

या सर्व नियमांच्या मुळाशी एकच भौमितिक प्रश्न आहे: दिलेली दोन वर्तुळे एकमेकांना छेदतात, स्पर्श करतात, की पूर्णपणे वेगळी राहतात? शालान्त परीक्षेपर्यंत गणित शिकलेल्या कोणालाही या प्रश्नाचे उत्तर कागदावर काढता येते, कारण त्यासाठी लागणारे अंतराचे सूत्र आणि स्पर्शवर्तुळांचे गुणधर्म दहावीच्या गणिताच्या दुसऱ्या भागातच शिकवले जातात. मात्र सूत्र एका ओळीचे असले तरी वर्तुळाचे केंद्र कोणते, त्रिज्या किती आणि नियम त्या दोन वर्तुळांकडून नेमके काय मागतो, हे तीन निर्णय आकडेमोडीच्या आधी घ्यावे लागतात, आणि वादाच्या प्रसंगी उत्तर चुकते ते बहुधा या निर्णयांत. प्रस्तुत लेखात ही कसोटी क्रमाने मांडली असून तिचा वापर सोलापूरच्या जमिनीवर कसा करावा हे उदाहरणांसह दाखवले आहे.

वर्तुळ आकड्यांत कसे मांडावे

एका स्थिर बिंदूपासून समान अंतरावर असलेल्या प्रतलातील सर्व बिंदूंचा संच म्हणजे वर्तुळ. त्या स्थिर बिंदूला केंद्र आणि त्या समान अंतराला त्रिज्या म्हणतात. प्रतलातील बिंदूचे स्थान दोन संख्यांनी सांगण्याच्या पद्धतीला निर्देशक भूमिती म्हणतात. परस्परांना लंब अशा दोन रेषा, म्हणजे आडवा क्ष-अक्ष आणि उभा य-अक्ष, निवडल्या की त्यांच्या छेदनबिंदूपासून, म्हणजे आरंभबिंदूपासून, आडवे किती व उभे किती जावे लागते ते सांगणाऱ्या दोन संख्या त्या बिंदूचे निर्देशक ठरतात. फ्रेंच तत्त्वज्ञ रने देकार्त याच्या १६३७ मधील भूमितीवरील लेखनापासून आकृतीचे प्रश्न समीकरणांनी सोडवण्याची ही रीत रूढ झाली.

दोन बिंदूंमधील अंतर मात्र त्याहून कितीतरी जुन्या प्रमेयावर उभे आहे. दोन बिंदूंच्या क्ष-निर्देशकांतील फरकाला ‘आ’ (आडवा फरक) आणि य-निर्देशकांतील फरकाला ‘उ’ (उभा फरक) म्हटले, तर हे दोन फरक काटकोन त्रिकोणाच्या काटकोन करणाऱ्या बाजू होतात आणि बिंदूंमधील सरळ अंतर ‘अ’ हा त्याचा कर्ण होतो. म्हणून अ² = आ² + उ². इसवी सन ११५० च्या सुमारास भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त भुज, कोटी आणि कर्ण यांचे जे गणित विस्ताराने सांगितले, तेच येथे अक्षांच्या चौकटीत बसवलेले आहे. फरकांचा वर्ग घेतला जात असल्यामुळे कोणता बिंदू आधी घेतला, किंवा फरक ऋण आला की धन, याने उत्तरात बदल होत नाही.

पाच स्थिती, दोन तुलना

दोन वर्तुळांपैकी मोठ्याची त्रिज्या ‘म’ आणि लहानाची त्रिज्या ‘ल’ मानावी. केंद्रांमधील अंतर ‘अ’ एकदा कळले की त्याची तुलना केवळ दोन संख्यांशी करायची असते: त्रिज्यांची बेरीज म + ल आणि त्रिज्यांची वजाबाकी म − ल. त्यातून पुढील पाच स्थिती निघतात.

१. अ हे म + ल पेक्षा मोठे असेल, तर वर्तुळे परस्परांपासून पूर्णपणे वेगळी असतात.

२. अ = म + ल असेल, तर वर्तुळे बाहेरून एकाच बिंदूत स्पर्श करतात; त्यांना बाह्यस्पर्शी वर्तुळे म्हणतात.

३. अ हे म − ल पेक्षा मोठे पण म + ल पेक्षा लहान असेल, तर वर्तुळे दोन बिंदूंत छेदतात आणि दोन्हींना सामाईक असा एक भाग तयार होतो.

४. अ = म − ल असेल, तर लहान वर्तुळ मोठ्याला आतून एका बिंदूत स्पर्श करते; ही अंतर्स्पर्शी वर्तुळे होत.

५. अ हे म − ल पेक्षा लहान असेल, तर लहान वर्तुळ काठाला न टेकता मोठ्याच्या पोटात सामावलेले असते.

त्रिज्या समान असतील, तर म − ल शून्य होते आणि चौथी व पाचवी स्थिती उरत नाही. केंद्रेही एकच असतील, तर दोन्ही वर्तुळे एकरूप होऊन एकमेकांवर तंतोतंत बसतात. येथे एक भेद ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. प्रश्न दोन वर्तुळरेषा छेदतात का असा असेल, तर होकारार्थी उत्तर फक्त तिसऱ्या स्थितीत मिळते. परंतु प्रश्न दोन वर्तुळांनी वेढलेल्या क्षेत्रांत सामाईक भाग आहे का असा असेल, तर तिसरी, चौथी आणि पाचवी या तिन्ही स्थितींत उत्तर ‘होय’ असे येते. व्यवहारातील बहुतेक नियम क्षेत्राविषयी असतात, रेषेविषयी नसतात, आणि लहान वर्तुळ मोठ्याच्या आत पूर्ण बुडालेले असताना काठ कोठेच छेदत नाहीत म्हणून ‘अडचण नाही’ असा निष्कर्ष काढणे ही सर्वांत घातक चूक ठरते.

कृतीचा क्रम

प्रत्यक्ष गणित करताना पुढील क्रम पाळावा. प्रथम दोन्ही केंद्रांचे निर्देशक आणि दोन्ही त्रिज्या एकाच एककात लिहून घ्याव्यात, कारण एक त्रिज्या मीटरमध्ये आणि दुसरी फुटांत राहिली तर पुढचे सर्व गणित व्यर्थ जाते. नंतर आडवा व उभा फरक काढून त्यांच्या वर्गांची बेरीज करावी. या टप्प्यावर वर्गमूळ काढण्याची घाई करू नये. अंतर आणि त्रिज्या या कधीच ऋण नसतात, म्हणून अ ची तुलना म + ल शी करणे आणि अ² ची तुलना (म + ल) च्या वर्गाशी करणे यांचे उत्तर एकच असते. वर्गमूळ टाळल्याने गणकयंत्राविना काम होते आणि दशांश अपूर्णांक तोडल्यामुळे येणारी चूकही टळते. शेवटी दोन्ही तुलना करून पाचांपैकी कोणती स्थिती आहे ते शब्दांत लिहावे.

समजा एका शिवारात दोन विहिरी आहेत. पहिली आरंभबिंदूवर, म्हणजे (०, ०) येथे मानली आणि तिच्या उपशाचा परिणाम १२० मीटरपर्यंत जाणवतो असे धरले. दुसरी पहिलीपासून पूर्वेला १५० मीटर व उत्तरेला ८० मीटर, म्हणजे (१५०, ८०) येथे असून तिचा परिणाम ६० मीटरपर्यंत पोहोचतो. अंतराचा वर्ग १५० × १५० + ८० × ८० = २२,५०० + ६,४०० = २८,९०० येतो. त्रिज्यांची बेरीज १८० असून तिचा वर्ग ३२,४०० आहे. वजाबाकी ६० असून तिचा वर्ग ३,६०० आहे. २८,९०० ही संख्या या दोहोंच्या मध्ये पडते, म्हणून वर्तुळे छेदतात. वर्गमूळ काढायचेच झाले तर अंतर नेमके १७० मीटर येते.

छेदतात एवढ्यावर न थांबता सामाईक पट्टा किती मोठा आहे तेही काढता येते. त्याची सर्वांत जास्त रुंदी म + ल − अ इतकी, म्हणजे १८० − १७० = १० मीटर असते. दोन्ही वर्तुळांची समीकरणे एकमेकांतून वजा केली की वर्ग असलेली पदे नाहीशी होतात आणि एका सरळ रेषेचे समीकरण उरते. हीच दोन्ही छेदनबिंदूंतून जाणारी सामाईक जीवा असते. येथे ती १५क्ष + ८य = १,९८५ अशी येते. पहिल्या केंद्रापासून तिचे लंबांतर १,९८५ ÷ १७, म्हणजे सुमारे ११६.८ मीटर असून पायथागोरसच्या प्रमेयाने जीवेची लांबी सुमारे ५५ मीटर निघते. याचा अर्थ सामाईक भाग हा साधारण ५५ मीटर लांब आणि मध्यभागी १० मीटर रुंद असा अरुंद पट्टा आहे. दुसरी विहीर त्याच शिवारात, पण (७२, ९६) या ठिकाणी असती आणि पहिलीची त्रिज्या २०० मीटर असती, तर अंतर १२० आणि त्रिज्यांची वजाबाकी १४० आली असती, म्हणजेच लहान विहिरीचे सारे क्षेत्र मोठीच्या क्षेत्रात गेले असते.

पंचवीस किलोमीटरचा नियम नेमके काय मागतो

हवाई अंतराच्या चर्चेत प्रत्येक कारखान्याभोवती २५ किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ नकाशावर काढले जाते आणि दोन वर्तुळे एकमेकांवर आली की नियमभंग झाला असे समजले जाते. ही समजूत चुकीची आहे. नियम एका कारखान्यापासून दुसऱ्या कारखान्यापर्यंतच्या अंतराबद्दल बोलतो. म्हणजे जुन्या कारखान्याभोवती २५ किलोमीटरचे वर्तुळ काढल्यावर नव्या कारखान्याचा बिंदू त्या वर्तुळात पडू नये, एवढीच त्याची मागणी आहे. येथे तुलना बेरजेशी नसून एकाच त्रिज्येशी आहे: अ हे २५ पेक्षा कमी नसावे. २५ किलोमीटरची दोन वर्तुळे एकमेकांत शिरू नयेत असे म्हटले, तर केंद्रांमध्ये तब्बल ५० किलोमीटर अंतर लागेल, आणि तसे नियम म्हणत नाही.

हाच नियम वर्तुळांच्या भाषेत अचूक मांडायचा असेल, तर प्रत्येक कारखान्याभोवती निम्म्या त्रिज्येचे, म्हणजे १२.५ किलोमीटरचे वर्तुळ काढावे. अशा दोन वर्तुळांच्या त्रिज्यांची बेरीज २५ होते, म्हणून ती वर्तुळे एकमेकांत शिरली नाहीत तर आणि तरच हवाई अंतराची अट पाळली जाते. या मांडणीचा उपयोग असा की प्रत्येक कारखान्याच्या वाट्याला किमान किती मोकळे क्षेत्र येते ते लगेच दिसते: १२.५ किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे ४९१ चौरस किलोमीटर असते, तर १५ किलोमीटरच्या मूळ अटीत, म्हणजे ७.५ किलोमीटर त्रिज्या धरल्यास, ते सुमारे १७७ चौरस किलोमीटर असते. राज्याने अंतर १५ वरून २५ केले तेव्हा अंतर दुपटीहून कमी वाढले असले, तरी क्षेत्र जवळजवळ पावणेतीन पटींनी वाढले, कारण क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

नियम पाळूनही उसासाठी ओढाताण का होते, याचे एक भौमितिक कारणही यातून कळते. दोन कारखाने बरोबर २५ किलोमीटरवर असतील आणि दोन्ही कारखाने आपापल्या २५ किलोमीटरच्या परिसरातून ऊस आणत असतील, तर प्रत्येकी सुमारे १,९६३ चौरस किलोमीटरच्या वर्तुळांपैकी जवळपास ७६८ चौरस किलोमीटर, म्हणजे प्रत्येकाचा ३९ टक्के भाग, सामाईक असतो. कारखान्यांतील अंतर नियमाने राखता येते, पण ऊस आणण्याच्या क्षेत्रांची वर्तुळे त्याने वेगळी होत नाहीत. डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१२ मध्ये ही अंतराची अटच रद्द करण्याची शिफारस केली होती. अट असावी की नसावी हा धोरणाचा प्रश्न आहे, परंतु त्यावर मत बनवणाऱ्याला अंतराचे वर्तुळ आणि ऊस आणण्याचे वर्तुळ यांतील हा फरक माहीत असणे अगत्याचे आहे. तसेच हा नियम नव्या कारखान्यांसाठी आहे. माळशिरस तालुक्यात अकलूज, माळीनगर आणि श्रीपूर येथील कारखाने परस्परांच्या जवळ उभे आहेत, कारण त्यांची उभारणी या दुरुस्तीच्या कितीतरी आधीची आहे. नकाशावर त्यांची वर्तुळे एकमेकांवर दिसतात म्हणून तो नियमभंग ठरत नाही.

अक्षांश-रेखांशांवरून किलोमीटर

आजकाल स्थान सांगितले जाते ते अक्षांश आणि रेखांश यांत, आणि ते अंशांत असतात. अंशांतील फरक थेट अंतराच्या सूत्रात घालता येत नाही, कारण एका अंशाचे अंतर दोन्ही दिशांना सारखे नसते. उत्तर-दक्षिण दिशेने एक अंश म्हणजे सोलापूरच्या परिसरात सुमारे ११०.७ किलोमीटर; पूर्व-पश्चिम दिशेने मात्र रेखावृत्ते ध्रुवांकडे एकत्र येत जात असल्यामुळे हे अंतर विषुववृत्तापासून दूर जाताना कमी होते आणि सोलापूरच्या, म्हणजे साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर, ते सुमारे १०६ किलोमीटर असते. म्हणून रेखांशांतील फरकाला १०६ ने आणि अक्षांशांतील फरकाला ११०.७ ने गुणावे, मग वर्ग करून बेरीज घ्यावी.

हा फरक किरकोळ वाटला तरी तो निकाल उलटवू शकतो. केवळ उदाहरणासाठी १७.७० उत्तर, ७५.३० पूर्व आणि १७.८५ उत्तर, ७५.४७ पूर्व असे दोन बिंदू घेतले, तर उभा फरक ०.१५ × ११०.७, म्हणजे सुमारे १६.६ किलोमीटर आणि आडवा फरक ०.१७ × १०६, म्हणजे सुमारे १८ किलोमीटर येतो. वर्गांची बेरीज सुमारे ६०० असून ती २५ च्या वर्गापेक्षा, म्हणजे ६२५ पेक्षा कमी आहे. अंतर सुमारे २४.५ किलोमीटर, म्हणून अट मोडते. हेच गणित दोन्ही दिशांना ढोबळ १११ धरून केले, तर बेरीज सुमारे ६३३ आणि अंतर सुमारे २५.२ किलोमीटर येते, म्हणजे अट पाळली गेल्याचा खोटा निष्कर्ष निघतो.

आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. भूमितीत आडवा निर्देशक आधी लिहिला जातो, तर मोबाइलवरील नकाशा बहुधा अक्षांश, म्हणजे उभा निर्देशक, आधी दाखवतो. हा क्रम उलटला की १०६ आणि ११०.७ हे गुणक चुकीच्या फरकांना लागतात. मोजणीच्या कामात अंशांऐवजी मीटरमधील जाळी वापरायची असेल, तर जागतिक जाळीच्या ७२ ते ७८ अंश पूर्व रेखांशांमधील ४३ व्या पट्ट्यात संपूर्ण सोलापूर जिल्हा येतो आणि त्यातील निर्देशक थेट अंतराच्या सूत्रात घालता येतात. या जाळीत पट्ट्याच्या मध्यावर, म्हणजे ७५ अंश पूर्व रेखावृत्तावर, लांबी प्रत्यक्षाहून दहा हजारांत चार भागांनी कमी दाखवली जाते, म्हणून तेथे २५ किलोमीटरचे अंतर सुमारे १० मीटरने कमी दिसते. विहिरींच्या गणितात हे नगण्य असले, तरी काठावरच्या प्रकरणात ते दुरुस्त करून घ्यावे.

मापनातील चूक आणि काठावरचे निकाल

गणितातील ‘बरोबर स्पर्श’ ही स्थिती जमिनीवर कधीच सिद्ध करता येत नाही, कारण प्रत्येक मोजमापात थोडी चूक असते. मोकळ्या आकाशाखाली मोबाइलने घेतलेले स्थान काही मीटरने चुकू शकते, आणि उंच इमारती किंवा दाट झाडी असेल तर ही चूक वाढते. म्हणून मोजलेल्या अंतराशेजारी चुकीची मर्यादाही लिहावी. पहिल्या बिंदूची चूक ५ मीटरपर्यंत आणि दुसऱ्याचीही तेवढीच असू शकत असेल, तर अंतर १० मीटरपर्यंत कमी-जास्त असू शकते. अशा मापनाने ५०० मीटरच्या अटीसाठी ५३० मीटर आले तर निर्णय खात्रीचा, ४७० आले तरीही खात्रीचा, पण ४९४ किंवा ५०६ आले तर अधिक अचूक साधनाने पुन्हा मोजल्याविना निर्णय देणे योग्य नाही. साखर कारखान्यांच्या बाबतीत अंतराची मोजणी भारतीय सर्वेक्षण विभागाकडून करून घेण्याची तरतूद याच कारणाने महत्त्वाची ठरते.

केंद्र कोणते हेही आधीच ठरवावे लागते. विहीर हा जवळजवळ बिंदू असतो, परंतु कारखान्याचे आवार कित्येक एकरांवर पसरलेले असते. गव्हाण, चिमणी, प्रवेशद्वार आणि हद्दीचा दगड यांपैकी कोणत्या बिंदूपासून मोजले यावर शेकडो मीटरचा फरक पडू शकतो. दोन्ही बाजूंनी एकच बिंदू मान्य केल्याशिवाय सुरू केलेले गणित कितीही बिनचूक असले, तरी ते वाद मिटवू शकत नाही.

जिथे आच्छादन हवेच असते

वर्तुळे वेगळी ठेवणे हाच नेहमीचा हेतू नसतो. तुषार सिंचनात प्रत्येक तोटी आपल्याभोवती एका वर्तुळात पाणी फेकते आणि शेताचा कोणताही कोपरा कोरडा राहू नये यासाठी ही वर्तुळे एकमेकांत शिरणे आवश्यक असते. समजा तोटीची फेक १२ मीटर आहे. चौकोनी मांडणीत तोट्या २४ मीटरवर ठेवल्या, तर शेजारची वर्तुळे केवळ स्पर्श करतात आणि फक्त ७८.५ टक्के क्षेत्र भिजते. २० मीटरवर ठेवल्या, तर २० हे १२ + १२ पेक्षा कमी असल्याने शेजारची प्रत्येक जोडी छेदते, आणि दोन-दोन वर्तुळांची कसोटी पाहणाऱ्याला सारे ठीक वाटते; तरीही चार तोट्यांच्या मधला बिंदू प्रत्येकीपासून सुमारे १४.१ मीटर दूर, म्हणजे फेकीच्या बाहेर राहून कोरडाच राहतो. तो भिजवायचा असेल, तर तोट्यांतील अंतर फेकीच्या १.४१ पटींपेक्षा, म्हणजे येथे सुमारे १७ मीटरपेक्षा, जास्त असू नये. वारा आणि काठाकडे कमी होणारी पाण्याची जाडी लक्षात घेता प्रत्यक्षात ते आणखी कमी ठेवणे हिताचे असते. यातून मिळणारा धडा असा की जोडीजोडीने छेदणारी वर्तुळे मिळून संपूर्ण क्षेत्र झाकतातच असे नाही, आणि ‘झाकले गेले का’ हा प्रश्न ‘छेदतात का’ या प्रश्नापेक्षा वेगळा आहे.

अनेक वर्तुळे असतील तेव्हा

एका तालुक्यातील सर्व विहिरी किंवा जिल्ह्यातील सर्व कारखाने तपासायचे झाले, तर जोड्यांची संख्या झपाट्याने वाढते; ४० केंद्रांसाठी ४० × ३९ ÷ २ = ७८० जोड्या होतात. प्रत्येक जोडीचे पूर्ण गणित करण्याची मात्र गरज नसते. नुसता आडवा फरकच त्रिज्यांच्या बेरजेइतका किंवा त्याहून जास्त असेल, तर त्या वर्तुळांत सामाईक क्षेत्र असूच शकत नाही, कारण कर्ण हा कोणत्याही बाजूपेक्षा लहान नसतो. उभ्या फरकालाही हेच लागू आहे. म्हणून सर्व केंद्रे पूर्व-पश्चिम क्रमाने लावून घ्यावीत आणि आडवा फरक मर्यादेत असलेल्या जोड्यांपुरतेच वर्गांचे गणित करावे. संगणकावरील तक्त्यातही ही गाळणी आधी लावली की काम कमी होते आणि तपासणाऱ्यालाही प्रत्येक निष्कर्ष सहज पडताळता येतो.

कसोटीच्या मर्यादा

वर्तुळ ही नियमाच्या सोयीसाठी स्वीकारलेली आकृती आहे. जमीन त्या आकृतीला बांधलेली नाही. सोलापूर जिल्ह्याखालचा खडक बहुतांशी बेसाल्टचा आहे, आणि त्यात पाणी भेगांतून व झिजलेल्या थरांतून वाहते, त्यामुळे उपशाने पाणी खाली जाण्याचे क्षेत्र एका दिशेला लांबट आणि दुसऱ्या दिशेला आखूड असू शकते. १९९३ च्या कायद्याने ५०० मीटरच्या अटीबरोबर दोन्ही विहिरी एकाच पाणलोट क्षेत्रात असण्याचाही विचार केला, तो याच जाणिवेतून. त्याची जागा घेणाऱ्या महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ च्या अंमलबजावणीतही भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या शास्त्रीय अभ्यासाला महत्त्व आहे. उसाच्या बाबतीत वाहतूक रस्त्याने होते, हवेतून नव्हे. भीमेच्या दोन काठांवरील गावे हवाई अंतराने जवळ असली तरी पूल दूर असेल तर गाडीचे अंतर कितीतरी वाढते.

तिसरी मर्यादा उंचीची. सोलापूर विमानतळाच्या विमानसेवेत अडथळा ठरते म्हणून श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची चिमणी जून २०२३ मध्ये पाडण्यात आली, आणि त्या प्रकरणात प्रश्न अंतराइतकाच उंचीचाही होता. विमानतळाभोवतीच्या बंधनांत किती अंतरावर किती उंचीपर्यंत बांधकाम चालेल हे एकत्रच ठरवलेले असते, त्यामुळे अशा ठिकाणी सपाट नकाशावरील दोन वर्तुळांची कसोटी अपुरी पडते आणि तिसरा निर्देशक, म्हणजे उंची, गणितात आणावाच लागतो.

या मर्यादा मान्य करूनही कसोटीचे मोल कमी होत नाही. ग्रामसभेत, सहकारी संस्थेच्या सर्वसाधारण सभेत किंवा एखाद्या अर्जावर हरकत घेताना ‘जवळ आहे’ आणि ‘लांब आहे’ या शब्दांनी वाद वाढतो. त्याऐवजी केंद्राचा मान्य बिंदू, त्रिज्या व तिचा आधार, दोन्ही दिशांचे फरक, वर्गांची बेरीज, मापनातील संभाव्य चूक आणि शेवटी निष्कर्ष, अशा सहा ओळी लिहून सादर केल्या, तर विरोधी बाजूलाही तेच गणित पुन्हा करून पाहता येते आणि मतभेद नेमका कोणत्या ओळीत आहे ते दाखवता येते. बहुतेक वेळा तो मतभेद आकडेमोडीत नसून पहिल्या दोन ओळींत, म्हणजे केंद्र आणि त्रिज्या यांच्या निवडीत, असल्याचे दिसून येईल, आणि चर्चाही तेथेच व्हायला हवी. शाळेत दहावीला निर्देशक भूमिती शिकवणाऱ्या शिक्षकांनी आपल्याच गावातील दोन विहिरींची केंद्रे विद्यार्थ्यांकडून मोजून घेऊन हे गणित करवून घ्यावे, म्हणजे पुढे शेतकरी, संचालक किंवा अधिकारी म्हणून अशाच एखाद्या अंतरावर निर्णय देण्याची वेळ आली तर त्यांना तो निर्णय स्वतः पडताळून पाहता येईल.